डेहराडूनचं खोरं नदीने कोरलं की फॉल्टने घडवलं, आणि ते अजून हलतंय का?

प्रश्न तीन भागांचा आहे: डेहराडूनचं खोरं नदीने कोरलंय की फॉल्टने, म्हणजे जमिनीतल्या ज्या भेगेवरून खडक सरकतात तिच्यामुळे, तयार झालंय, ते फॉल्ट अजून जिवंत असतील तर खोरं नेमकं कसं हलतं, आणि तिथे घर घ्यायचा विचार करणाऱ्याने यातलं काय बघायचं. हिमालयाच्या पायथ्याला फॉल्टच्या मॅपिंगचं काम मी बरीच वर्षं केलंय आणि त्यातला मोहंड-डेहराडूनचा पट्टा सगळ्यात जास्त पायी फिरलोय, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे.

आधी थेट उत्तर. नदीने कोरलेलं नाही, नद्यांनी उलट ते भरलंय. आपल्याकडे खोरं म्हटलं की कृष्णा-कोयनेसारखं, नदीने बेसाल्ट कापत कापत खाली नेलेलं काहीतरी डोळ्यासमोर येतं, म्हणून मसुरीवरून खाली बघताना मराठी माणसाला सहज वाटतं की गंगा आणि यमुनेनेच हे एवढं रुंद केलं असेल. पण गंगा आणि यमुना या खोऱ्याच्या दोन टोकांना आडव्या निघून जातात, मधल्या ७०-८० किलोमीटर लांबीत मोठी नदीच नाही. मग एवढं २० किलोमीटर रुंदीचं खोरं आलं कुठून? तर दक्षिणेला जमीन वर उचलली गेली आणि मागे जो सखल भाग अडकला ते हे खोरं.

नकाशा डोक्यात पक्का करून घ्या. उत्तरेला मसुरीची रांग, साधारण २००० मीटर, आणि तिच्या पायथ्यातून जाणारा मेन बाउंड्री थ्रस्ट, थोडक्यात एमबीटी. दक्षिणेला शिवालिकची बुटकी रांग, तिला आम्ही मोहंडची रांग म्हणतो, आणि तिच्याही दक्षिणेला, जिथे उत्तर प्रदेशचं सपाट मैदान एकदम संपतं तिथे हिमालयन फ्रंटल थ्रस्ट, म्हणजे एचएफटी. दोन्ही फॉल्ट उत्तरेकडे कललेले, म्हणजे वरचा खडक दक्षिणेकडे सरकत खालच्यावर चढतो. सहारनपूरकडून गाडीने आलात तर मोहंड गावाशी डोंगर सुरू होतो, तिथून वळणं घेत दातकालीच्या बोगद्यापर्यंत चढता आणि पलीकडे खोऱ्यात उतरता. या रस्त्यावर कडेला नीट बघा, वाळूच्या दगडाचे आणि गोट्यांचे थर डेहराडूनच्या दिशेने कललेले दिसतात. हे थर मुळात आडवे होते, कारण ते नद्यांनी मैदानात टाकलेले आहेत. ज्या मैदानावर आज सहारनपूर बसलंय तसल्याच मैदानाचा गाळ उचलून, वाकवून त्याचा डोंगर झालाय. ही एक गोष्ट पटली की पुढचं सगळं सोपं जातं.

हे का झालं? भारताची प्लेट उत्तरेकडे आशियाच्या खाली जातीये, दोघांमधलं अंतर वर्षाला साधारण ४ सेंटीमीटरने कमी होतंय आणि त्यातले जवळपास २ सेंटीमीटर एकटा हिमालय रिचवतो. पूर्वी या भागात डोंगराची पुढची कड एमबीटीवर होती, मसुरीच्या बाजूचे चुनखडी आणि क्वार्टझाइटचे जुने खडक शिवालिकच्या तरुण गाळावर चढत होते. मग हालचाल दक्षिणेकडे सरकली, खाली नवा फॉल्ट फुटला, एचएफटी. जमिनीवर ठेवलेली सतरंजी एका बाजूने ढकलली की आधी हाताजवळ घडी पडते आणि ती घडी फार जड झाली की पुढे दुसरी पडते, तसं. पहिली घडी मसुरीची, दुसरी मोहंडची, आणि दोन घड्यांमधली सपाट जागा म्हणजे डेहराडून.

पण लोकांच्या डोक्यात जे चित्र असतं की दोन भिंती वर आल्या आणि मधली जमीन जागच्या जागी राहिली, ते बरोबर नाही. एचएफटी मोहंडच्या पायथ्याशी जमिनीजवळ आहे, तिथून तो साधारण ३० अंशाने उत्तरेकडे आत उतरतो आणि अंदाजे ५ किलोमीटर खोलीच्या आसपास जवळजवळ आडवा होऊन डेहराडूनच्या, मसुरीच्या आणि त्याच्याही मागच्या डोंगरांच्या खालून पुढे जातो. तेलाच्या शोधात मोहंडला खोल विहीर खणली होती, त्यातून आणि सायस्मिक सर्व्हेतून हा आकार कळलाय. म्हणजे घंटाघर, राजपूर रोड, एअरपोर्ट, सगळं एकाच फॉल्टच्या पाठीवर आहे. खोऱ्याचा तळच मुळी दक्षिणेकडे निघालेला आहे, भिंतींसकट. आमच्या भाषेत याला पिगीबॅक बेसिन म्हणतात. म्हणून ‘माझं घर फॉल्ट लाईनपासून २० किलोमीटर लांब आहे’ या वाक्याला डेहराडूनमध्ये फारसा अर्थ उरत नाही, ती लाईन लांब असेल पण फॉल्ट पायाखाली आहे.

आता भरण्याचं. मोहंडची रांग वर यायला लागली तशी मसुरीवरून येणाऱ्या ओढ्यांची थेट मैदानात जायची वाट अडली आणि त्यांनी आपला दगडगोटा इथेच टाकायला सुरुवात केली. त्याचे पंख्यासारखे पसरलेले मोठे ढीग तयार झाले, त्यांना फॅन म्हणतात, पश्चिमेला डोंगा फॅन, मध्ये डेहराडूनचा मुख्य फॅन आणि पूर्वेला भोगपूर फॅन, शहर सगळं मधल्यावर. या गोट्यांच्या थरांना दून ग्रॅव्हल म्हणतात. वाळूचे कण कधी पुरले गेले ते सांगणाऱ्या ल्युमिनेसन्स डेटिंगवरून हे भरणं ४० हजार वर्षांच्याही आधीपासून साधारण १० हजार वर्षांपूर्वीपर्यंत चाललेलं दिसतं, आणि त्यानंतर ओढे उलट स्वतःच टाकलेले थर कापत खाली गेले. गुच्चूपाणीला जी अरुंद घळ बघायला पर्यटक जातात ती असल्याच गोट्यांच्या थरात कापलेली आहे. हे कापणं सगळं फॉल्टमुळे झालं असं मी म्हणणार नाही. हिमयुग संपताना मान्सून जोरदार झाला, पाणी वाढलं, त्याचाही यात मोठा हात आहे, आणि प्रत्येक उंच टेरेस, म्हणजे नदीच्या जुन्या पात्राची वर राहिलेली सपाट पायरी, दिसली की ‘फॉल्टने उचलली’ असं लिहिणारे रिपोर्ट वाचले की मला राग येतो. टेरेस उंच असणं हा फॉल्टचा पुरावा नाही. तीच टेरेस फॉल्टच्या दोन बाजूंना वेगळ्या उंचीवर असणं, तिरकी होणं, मोडणं, हा पुरावा.

फिल्डवर जाणार असाल तर एक ओळखायची युक्ती. शिवालिकच्या वरच्या थरातही गोटे आणि दून ग्रॅव्हलमध्येही गोटे, नवखा माणूस गोंधळतो. शिवालिकमधले गोटे मोठ्या नद्यांनी लांबून आणलेले, चांगले गोल गुळगुळीत झालेले, बरेचसे क्वार्टझाइटचे. दून ग्रॅव्हल जवळच्या मसुरीच्या उतारावरून आलेलं, कडा पूर्ण न झिजलेल्या, लहानमोठं सगळं एकत्र, आणि मध्ये भरपूर चिखलमाती. हा फरक कळला की मग उत्तरेच्या कडेला काही ठिकाणी जे दिसतं त्याचं महत्त्व कळतं: एमबीटीच्या बाजूचा कोट्यवधी वर्षं जुना, चुरा झालेला खडक या तरुण ग्रॅव्हलच्या वर चढलेला आहे. म्हणजे हालचाल पुढे एचएफटीवर गेली म्हणून मागचा फॉल्ट मेला असं नाही, तोही ग्रॅव्हल पडून गेल्यानंतर हललाय. जपानचे ताकाशी नाकाता यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हिमालयाच्या पायथ्याच्या असल्या जिवंत फॉल्टची पद्धतशीर नोंद केली, आणि आजही आम्ही त्याच जागांवर परत परत जातो. खोऱ्याच्या आतही हालचाल आहे, वायव्येला संतौरगढची रांग आणि शहराच्या आग्नेयेला नागसिद्धचा डोंगर, दोन्हीकडे शिवालिकचा खडक खोऱ्यातूनच वर आलेला. सपाट दिसणारं खोरं खालून अजून आवळलं जातंय.

नद्यांकडे बघितलं की हे सगळं नकाशा न काढताही दिसतं. यमुना आणि गंगा डोंगर वर यायच्या आधीपासून तिथे होत्या आणि त्यांच्यात ताकद होती, डोंगर जेवढा वर आला तेवढा त्यांनी कापला, शिवाय त्या जिथून बाहेर पडतात तिथे रांगेला आडवे तोडणारे टेअर फॉल्ट आहेत, म्हणजे खडक आधीच कमजोर. हरिद्वारला हर की पैडीवर उभे राहा, एका बाजूला मनसादेवी आणि गंगेपलीकडे चंडीदेवी, दोन्ही टेकड्या शिवालिकच्या आणि मधून गंगा मैदानात उतरते. आपल्याकडचे किती लोक दरवर्षी तिथे जातात, पण आपण हिमालयाच्या सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात जिवंत कडेवर उभे आहोत हे त्यांना कोणी सांगत नाही. मसुरीवरून येणाऱ्या छोट्या ओढ्यांची मात्र तेवढी ताकद नव्हती. ते मोहंडला अडले आणि रांगेला समांतर वळले, आसन पश्चिमेला यमुनेकडे, सुसवा आणि सोंग पूर्वेला गंगेकडे. त्यामुळे एकाच शहरात पडलेला पाऊस, रिस्पना आणि बिंदालमध्ये गेला तर गंगेला मिळतो आणि टपकेश्वरच्या टोन्समध्ये गेला तर आसनमार्गे यमुनेला.

पाण्याचंही तसंच. उत्तरेच्या उतारावर ग्रॅव्हल जाड आणि मोकळं, पाऊस आत मुरतो, तिथे विहिरीला पाणी खोल लागतं. दक्षिणेकडे गाळ बारीक होत जातो, पुढे शिवालिकचा बांध, मग तेच पाणी मोथरोवालाच्या दलदलीसारख्या जागी वर येतं आणि त्यातूनच सुसवा सुरू होते. माजरा, मोथरोवाला भागातला डेहराडूनचा बासमती याच ओल्या जमिनीवर व्हायचा, आता तिथे बरीचशी बिल्डिंगच आहेत.

आता वेग, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोहंडच्या दक्षिण उतारावर जे पावसाळी ओढे आहेत त्यांना तिकडे राव म्हणतात. खजनावर रावच्या काठावर आजच्या पात्रापासून २० ते ३० मीटर उंचीवर जुन्या पात्राची टेरेस आहे. स्टीव्हन वेस्नूस्की आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली त्यातल्या कोळशाचं रेडिओकार्बन वय छापलं, ३६६३ वर्षं, २१५ इकडेतिकडे. २५ मीटर भागिले ३६६३ करा, वर्षाला ७ मिलिमीटरच्या जवळपास उचल येते. फॉल्ट ३० अंशाचा, म्हणजे एवढं उचलायला फॉल्टवर साधारण १४ मिलिमीटर सरक लागते आणि त्यातली आडवी सुमारे १२ मिलिमीटर. आणि टेरेस त्या वयापेक्षा तरुणही असू शकते म्हणून हे आकडे ‘किमान’ धरायचे. हिमालय जे वर्षाला २ सेंटीमीटर रिचवतो त्यातला अर्ध्याहून जास्त हिस्सा या एका फॉल्टवर आहे हा त्याचा अर्थ.

पण इथेच लोक फसतात. ‘डेहराडून दरवर्षी १२ मिलिमीटर दक्षिणेकडे सरकतं’ असं वाक्य पेपरात येतं आणि ते चूक आहे. १२ मिलिमीटर ही काही हजार वर्षांची सरासरी आहे. आज मोहंडच्या दोन बाजूंना जीपीएस लावलं तर फॉल्टवर अशी सरक दिसत नाही, कारण फॉल्ट घट्ट अडकलाय, पुढच्या कडेपासून मागे उत्तरेला साधारण १०० किलोमीटरपर्यंत. खोरं सध्या भारताच्या प्लेटबरोबरच उत्तरेकडे ओढलं जातंय, आवळणं होतंय ते मागे उच्च हिमालयाच्या पायथ्याशी, आणि तिथे ताण साठतोय. तो सुटतो तेव्हा भूकंपात, काही सेकंदांत, काही मीटर. म्हणजे खोरं शेकडो वर्षं एका दिशेला हळूहळू दाबलं जातं आणि मिनिटभराच्या आत उलट दिशेला उडी मारतं. डोंगर वाढतो तो त्या उड्यांमध्ये.

उड्या केवढ्या? यमुनेच्या पश्चिमेला, हरियाणा-हिमाचलच्या सीमेवर काला अंबजवळ, मार्कंडा नदीच्या काठी एचएफटीच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या फॉल्टवर जुन्या भूकंपांच्या खुणा बघायला खंदक खणला होता, २००१ साली त्याचा निकाल आला. त्या खंदकात दोन मोठे भूकंप स्पष्ट सापडले, एक इसवी सन १२९४ नंतरचा आणि एक १४२३ नंतरचा, एकात किमान ४.६ मीटर आणि दुसऱ्यात २.४ ते ४ मीटर सरक. आता हिशोब जुळवा: वर्षाला १२ ते १४ मिलिमीटर साठत गेले तर ५ मीटर साठायला साडेतीनशे-चारशे वर्षं लागतात. टेरेसचा आकडा आणि खंदकाचा आकडा एकमेकांना धरून आहेत, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

लोक १९०५ चं विचारतात. ४ एप्रिल १९०५ चा कांगडा भूकंप, मॅग्निट्यूड ७.८ च्या आसपास, २० हजारांच्या घरात माणसं गेली. त्यात डेहराडून-मसुरीलाही बरंच नुकसान झालं, मधल्या पट्ट्यापेक्षा जास्त, आणि कांगडा तिथून २५० किलोमीटरच्या आसपास लांब आहे, त्यामुळे त्याच वेळी डेहराडूनखाली दुसरा, जास्त खोल भूकंप झाला असावा असं एक मत आहे आणि मला ते पटतं. सर्व्हे ऑफ इंडियाने नंतर लेव्हलिंग, म्हणजे जमिनीच्या उंचीची मोजणी, केलं तेव्हा डेहराडून १०-१२ सेंटीमीटर उचललं गेल्यासारखं आलं, पण पुढे त्या मोजणीतच दोष असावा असा आक्षेप निघाला, म्हणून मी त्या आकड्यावर काही उभारत नाही. त्याआधीचा १ सप्टेंबर १८०३ चा गढवालचा भूकंप लक्षात ठेवा. बद्रीनाथच्या देवळाला धक्का बसला, दिल्लीत कुतुबमिनारचा वरचा घुमट पडला. दिल्ली तेव्हा शिंद्यांच्या फौजेकडे होती, दहाच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, पटपडगंजची लढाई झाली आणि ती गेली, त्यामुळे आपल्या इतिहासात त्या महिन्यातली लढाई आहे आणि भूकंप नाही. हे दोन्ही मोठेच भूकंप होते, पण पुढच्या कडेला जमीन फाडून मोहंडची रांग उचलणारे नव्हते. १९९१ चा उत्तरकाशी आणि १९९९ चा चमोली तर त्याहून बरेच लहान. ‘छोटे भूकंप होऊन ताण निघून जातो’ हे मी अगदी इंजिनिअर लोकांकडूनही ऐकलंय. निघत नाही. मॅग्निट्यूड ८ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ६ चे जवळपास हजार भूकंप लागतात.

किल्लारी आणि कोयनेशी तुलना करू नका हेही सांगून टाकतो. १९६७ चा कोयना आणि १९९३ चा किल्लारी जीवघेणे होते, पण ते प्लेटच्या आतले भूकंप, त्यांनी डोंगर किंवा खोरं घडवलेलं नाही. तिथला अनुभव डेहराडूनला लावला की धोका खूप कमी वाटतो.

घराचं. फॉल्टची रेषा टाळणं महत्त्वाचं आहे ते मुख्यतः रस्ते, रेल्वे, कालवे, पाइपलाइन यांना, कारण मोहंड किंवा हरिद्वारशी त्या रेषेला ओलांडावंच लागतं आणि उडी झाली तर तिथे काही मीटरचा फरक पडेल. शहरातल्या घराला प्रश्न हादऱ्याचा आहे, आणि खाली फॉल्टची पाठ असल्याने वरच्या बाजूला हादरा जोराचा बसतो. मग जमीन कसली हे बघा. उत्तरेकडे राजपूरच्या बाजूला गोटे आणि मोठे दगड, जमीन तशी घट्ट, पण अगदी मसुरीच्या पायथ्याला चिकटलात तर एमबीटीचा चुरा झालेला खडक आणि दरडी, मसुरी रोडवर गलोगीला दर पावसाळ्यात काय होतं ते तिथल्या कोणालाही विचारा. दक्षिणेकडे बारीक गाळ आणि वर आलेलं पाणी, तिथे हादरा वाढतो आणि वाळूचा थर असेल तर हादऱ्यात जमीन चिखलासारखी पातळ होण्याचाही धोका. टेरेसच्या काठावरचे प्लॉट व्ह्यूसाठी महाग विकतात, मी तिथे घेणार नाही. रिस्पना, बिंदाल, टोन्स, सोंग यांच्या पात्रालगत तर अजिबातच नाही, सप्टेंबर २०२५ च्या पावसात सहस्रधारा आणि टपकेश्वरला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याला भूकंपसुद्धा लागला नाही.

बिल्डरकडे सॉइल रिपोर्ट मागा आणि तो उघडून बघा. डेहराडूनच्या गोट्यांच्या जमिनीत एसपीटीची, म्हणजे ठोकून जमिनीची घट्टता बघायच्या चाचणीची, सळई एखाद्या मोठ्या दगडावर बसली की ‘रिफ्यूजल’ (पुढे जात नाही) लिहून मोकळे होतात, वाचणाऱ्याला वाटतं खाली खडक लागला, आणि त्या दगडाखाली दोन मीटर भुसभुशीत माती असू शकते. म्हणून सोबत शिअर वेव्हचा, म्हणजे जमिनीतून जाणाऱ्या आडव्या हादऱ्याच्या लाटेचा, वेग मोजलेला हवा, तो मोजणारा मासवचा (MASW) सर्व्हे फार महाग नसतो, सोसायटीच्या आकाराच्या प्रोजेक्टला तर काहीच नाही. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत डेहराडून झोन ४ मध्ये आहे (झोनचा आकडा मोठा तितका धोका जास्त), पण माझं मत विचाराल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला झोन ५ धरून डिझाइन करायला सांगा, आणि डक्टाइल डिटेलिंग आयएस १३९२० प्रमाणे झालंय का, म्हणजे कॉलमच्या रिंगा जवळजवळ आहेत का आणि त्यांचे हुक आत वळवलेत का, हे काँक्रीट ओतायच्या आधी साइटवर जाऊन स्वतः बघा किंवा ओळखीचा इंजिनिअर पाठवा. तळमजला पूर्ण पार्किंगसाठी मोकळा आणि वर चार मजले विटांनी भरलेले अशी बिल्डिंग असेल आणि खाली शिअर वॉल, म्हणजे आडवा हादरा पेलणारी काँक्रीटची भिंत, नसेल तर बाकी सगळं कितीही छान असलं तरी सोडून द्या.